न आलेल्या बँडवरचं प्रेम



पत्रिकेवर आजचा विषय 'पिंक फ्लॉइड आणि त्यांचे चाहते' एवढाच छापलाय. त्यातला पहिला भाग तुलनेनं सोपा. बँडवर ढीगभर पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत, कुठल्या गाण्यात कुठलं वाद्य कुणी वाजवलं याच्या बारीक नोंदी आहेत. अवघड आहे तो दुसरा भाग, म्हणजे चाहते. म्हणजे समोर बसलेले आपण सगळे. इथे साठी ओलांडलेले श्रोते दिसताहेत आणि अजून कॉलेजात असलेलेही दिसताहेत. पन्नास वर्षांपूर्वी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या संगीतावरचं बोलणं ऐकायला सुट्टीच्या संध्याकाळी वाशीत इतकी माणसं जमतात, याचं काहीतरी कारण असणार. ते कारण आज शोधू या. आणि त्यापुढचा एक प्रश्नही विचारू या. प्रेम टिकलंय हे तर उघड आहे; पण त्यात टिकलंय ते नेमकं काय? ऐकणं टिकलंय, की फक्त निष्ठा टिकलीय?

समीक्षकानं प्रेमाबद्दल बोलायचं ठरवलं की नुसत्या कौतुकावर भागत नाही. प्रेम तपासावं लागतं. आम्ही आज तेच करणार आहोत, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे, पण आपण ती विसरतो. पिंक फ्लॉइड हा बँड भारतात कधी आलाच नाही. रॉजर वॉटर्स आला. २००२ साली बंगळूरला आला, आणि १८ फेब्रुवारी २००७ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर त्यानं कार्यक्रमाच्या उत्तरार्धात 'द डार्क साइड ऑफ द मून' अख्खा वाजवला. तुमच्यापैकी काही जण तिथे असतील. पण तोपर्यंत त्याला बँड सोडून दोन दशकं उलटली होती. वॉटर्स, डेव्हिड गिल्मोर, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे चौघे शेवटचे एकत्र वाजले ते जुलै २००५ मध्ये, लंडनच्या हाइड पार्कात. पुढल्याच वर्षी त्यांचा मूळ गायक सिड बॅरेट गेला. २००८ साली राइट गेला. तेव्हा आता 'येतील कधीतरी' हेही संपलं.

म्हणजे आपलं हे प्रेम दर्शनावाचूनचं आहे. गंमत बघा, बँडनंही चेहरा दाखवायचं फारसं मनावर घेतलं नव्हतं. 'डार्क साइड'च्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो नाही, बँडचं नावही नाही. काळ्या पार्श्वभूमीवर एक लोलक, त्यात शिरणारा पांढरा किरण आणि बाहेर पडणारे रंग. बस. आपल्याकडे सगुण आणि निर्गुण अशी भक्तीची वाटणी आहे. बीटल्सच्या चाहत्यांना चार चेहरे पाठ असतात. फ्लॉइडच्या चाहत्यांचं प्रेम निर्गुणाकडे झुकणारं. लोलकाचा टी-शर्ट घालून लोकलमध्ये उभ्या असलेल्या पोराला रिचर्ड राइटचा फोटो दाखवून 'हा कोण?' विचारलं, तर तो ओळखेलच असं नाही. पण राइटनं वाजवलेला एक स्वर ऐकवला, तर डोळे मिटून सांगेल की हे कुठलं गाणं.

मग दर्शन नाही, तर हे प्रेम आलं कुठून? आमचं उत्तर आहे, कॅसेटमधून. हे आम्ही आठवणींचा उमाळा म्हणून सांगत नाही. त्यात एक हिशेब आहे. 'डार्क साइड' साधारण त्रेचाळीस मिनिटांचा. त्यानंतरचा 'विश यू वेअर हिअर' साधारण चव्वेचाळीस मिनिटांचा. कोरी नव्वदची कॅसेट घेतली की एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं मिळतात. एका बाजूला एक अख्खा अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. ज्यांनी मित्राच्या टेपवरून कॅसेट भरून घेतली, त्यांना हा हिशेब कुणी सांगावा लागला नाही. आणि कॅसेटवर गाणं ओलांडून पुढे जाणं म्हणजे कटकट. फॉरवर्डचं बटण दाबा, अंदाजानं थांबवा, पुन्हा मागे या. त्यापेक्षा ऐकत राहणं सोपं. सलग ऐकायची सवय आपल्याला यंत्रानं लावली.

यात एक छोटा फरक पडला, तोही लक्षात घ्या. मूळ तबकडीवर 'डार्क साइड'ची पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'पाशी संपते. मग उठायचं, तबकडी उलटायची आणि 'मनी'मधल्या नाण्यांच्या खणखणाटानं नवी सुरुवात. भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये ही उठबस गेली. मृत्यूवरचं गाणं संपतं न संपतं तोच पैशाचं गाणं सुरू. मूळ योजनेत मध्ये जो श्वास होता तो आपल्याला मिळाला नाही. त्याऐवजी एक टोचणारी शेजारशेजारची मांडणी मिळाली. म्हणजे आपण ऐकलेला 'डार्क साइड' किंचित वेगळा आहे.

आता यात नवी मुंबई कुठे आली, असं विचाराल. सिडकोची स्थापना मार्च १९७०ची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली ती त्याच्या थोडी आधी, साठच्या दशकाच्या मध्यावर. त्याच सुमारास, १९६५ साली, लंडनमध्ये पिंक फ्लॉइड सुरू झाला, आणि त्यातले वॉटर्स, मेसन आणि राइट हे तिघेही वास्तुकलेच्या वर्गात भेटलेले विद्यार्थी. या योगायोगावर आम्ही फार वजन टाकणार नाही. पण नकाशावर आधी आखलेल्या शहरात राहणाऱ्या माणसाला आराखडा असलेलं संगीत जवळचं वाटावं, हे अगदीच तर्काला सोडून नाही. फ्लॉइडचा अल्बम आधी आखलेला असतो. सुरुवातीला ऐकू येणारा हृदयाचा ठोका शेवटी पुन्हा येणार, हे ठरलेलं असतं.

याहून ठोस गोष्ट प्रवासाची आहे. १९९२ साली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. वाशी ते सीएसटी साधारण पन्नास मिनिटं. कानात वॉकमन, खिडकी मिळाली तर उत्तम, नाही तर दारापाशी. मानखुर्दच्या आधी पूल लागतो तेव्हा खाली पाणी आणि कानात घड्याळांचा गजर, आणि मशीद बंदर यायच्या सुमाराला अल्बम संपलेला. इथे वाढलेल्या एका पिढीनं 'डार्क साइड' असा रोज ऐकला. नव्या गावात नातेवाईक कमी, इमारती सारख्या, आईवडील दोघंही कामावर. वेळ, पैसा, ताण आणि भ्रमिष्टपण हे या अल्बमचे विषय. ते या पिढीला परके वाटले नाहीत.

पण साधन आणि प्रवास यांनी फक्त संधी दिली. इतर शेकडो बँडही कॅसेटवर होतेच. मग हाच का टिकला? इथे कानांबद्दल बोलावं लागेल, आणि जपून बोलावं लागेल, कारण आपल्याकडे 'हे तर आपल्या रागातलंच आहे' म्हणायची फार घाई असते.

'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' घ्या. सुरुवातीला एक लांबलचक धरून ठेवलेला स्वरसमूह, जवळपास हलतच नाही. त्यावर सिंथेसायझर आणि गिटार सावकाश फिरतात. मग साधारण चार मिनिटांनी ते प्रसिद्ध चार स्वर येतात. पांढरी पाच षड्ज धरला तर ते आहेत कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत. काफी थाटात बसणारे स्वर. म्हणून तो काफी राग झाला का? मुळीच नाही. रागाला चलन लागतं, आरोह-अवरोह लागतो. इथे चार स्वर सुटे, लोंबकळत ठेवलेले आहेत, आणि धैवतावर येऊन थांबल्यानं एक अस्वस्थ प्रश्नचिन्ह उभं राहतं. तरीही सतत वाजणाऱ्या षड्जाच्या आधारावर एकेक स्वर येण्याची वाट बघणं हे आपल्या कानाला ठाऊक आहे. शब्द सुरू व्हायला साडेआठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तीन मिनिटांत गाणं संपवायला सरावलेल्या श्रोत्याला हे असह्य होतं. ज्या घरात विलंबित ख्याल कानावर पडलाय, तिथे कुणी 'कधी सुरू होणार?' विचारत नाही. सुरू झालंय हे त्याला कळतं.

'मनी'चंही तसंच. सात मात्रांचं आवर्तन. रॉकमध्ये चारांचं राज्य, त्यामुळे पाश्चात्त्य श्रोत्याला हे लंगडतंय असं वाटतं, आणि पैशावरच्या गाण्यात ते लंगडणं अर्थपूर्णही आहे. आपल्याकडे सात म्हटलं की रूपक. ती ती ना, धी ना, धी ना. वजन वेगळं पडतं, पण सातावर मान डोलवणं आपल्याला अवघड जात नाही. याचा एक तोटा सांगतो. आपल्याला सात इतके सहज पचतात की त्यातला मुद्दाम ठेवलेला खडा दाताखाली येत नाही. गिटारच्या एकलवादनात ताल सातावरून चारावर जातो आणि पुन्हा सातावर परततो. तिथे काय सुटतं आणि काय पुन्हा आवळतं, हे ऐकायचं राहून जातं. ओळखीचं वाटणं म्हणजे ऐकणं नव्हे. प्रेमात हा घोटाळा फार होतो.

आणि 'ग्रेट गिग'. क्लेअर टॉरी ही गायिका एका सत्रापुरती बोलावलेली. शब्द नाहीत, फक्त आकार. त्या कामाचे तिला तीस पौंड मिळाले. पुढे २००४ साली तिनं दावा केला आणि २००५ साली तडजोड होऊन तिचं नाव रचनाकारांत आलं. तीस वर्षं चाहत्यांनी त्या आवाजावर जीव टाकला, पण नाव मिळायला तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. चाहत्यांचं प्रेम कुठे पोचतं आणि कुठे पोचत नाही, याचं हे उदाहरण लक्षात ठेवा. आपल्याला पुढे लागणार आहे.

आता मूळ प्रश्न. टिकलेलं प्रेम म्हणजे काय? मराठी रसिकाला या बाबतीत जुना अनुभव आहे. संगीत नाटकात 'वन्स मोअर'ची प्रथा होती. कथानक कुठेही असो, पद रंगलं की प्रेक्षक ओरडणार आणि नट ते पुन्हा गाणार. बालगंधर्वांचा आवाज थकल्यावरही त्यांना ऐकायला माणसं जात राहिली. समोरचा आवाज आणि आठवणीतला आवाज मिसळून ऐकत राहिली. ते प्रेम हृद्य होतंच, पण त्यात समोरच्या गाण्यापेक्षा आपल्या तरुणपणाला दिलेला 'वन्स मोअर' जास्त होता. दुसरी परंपरा बैठकीची. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो आहे. जुने लोक रात्र-रात्र बसल्याच्या आठवणी सांगतात. तिथे रसिक तोच राग पन्नासाव्यांदा ऐकतो, पण आज काय वेगळं घडतंय म्हणून. पहिल्याला आपण स्मरण म्हणू, दुसऱ्याला श्रवण. नवविधा भक्तीत दोन्ही आहेत, आणि श्रवण पहिलं आहे.

अडचण अशी, की ध्वनिमुद्रण बदलत नाही. १९७३चा 'डार्क साइड' आजही तोच. मग त्यात श्रवण कसं टिकवायचं? बदलायचं ते ऐकणाऱ्यानं. आणि फ्लॉइडचं संगीत आपल्याला नेमकं हेच करायला लावतं, आपण करू दिलं तर.

१९७७चा जुलै. मॉन्ट्रियलचं ऑलिम्पिक स्टेडियम. प्रचंड गर्दी, फटाके, आरडाओरडा. पुढल्या रांगांतला एक चाहता कुंपणावर चढू बघतो, आणि वॉटर्स त्याच्या तोंडावर थुंकतो. थुंकल्यावर तो स्वतःच हादरतो. माझ्यात आणि समोरच्या माणसांत एवढी भिंत कधी उभी राहिली? यातून 'द वॉल' जन्मला, ३० नोव्हेंबर १९७९ला बाजारात आला. १९८०-८१च्या प्रयोगांत कार्यक्रम चालू असताना रंगमंचाच्या कडेपासून कडेपर्यंत पुठ्ठ्याच्या विटांची भिंत चढत जायची. मध्यंतरापर्यंत बँड दिसेनासा व्हायचा. तिकीट काढून आलेले लोक भिंतीकडे बघत बसायचे. अखेरीस ती कोसळायची. हा इतका खर्चिक खेळ होता की तो चारच ठिकाणी झाला. आणि त्याआधीच बँडमधून काढलेला राइट तिथे पगारी वादक म्हणून वाजवत होता, म्हणून तोट्याच्या त्या दौऱ्यात पैसे कमावणारा चौघांत तो एकटाच ठरला.

म्हणजे आपण ज्याच्यावर इतकं प्रेम करतो तो अल्बम चाहत्यांच्या प्रेमावरच शंका घेतो. हे आपण ऐकलं का? की नुसतं गायलं?

'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग आपल्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये किती वेळा झाला असेल याची मोजदाद नाही. इंजिनीअरिंगची पोरं मुठी उंचावून शिक्षणाविरुद्ध गातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सबमिशनच्या रांगेत उभी राहतात. हसू नका, यात त्यांचा दोष थोडा आहे. गाणं सुटं मिळालं, ते सुटं गायलं. अल्बममध्ये या नावाचे तीन भाग आहेत. पहिल्यात युद्धात गेलेला बाप आहे. वॉटर्सचे वडील १९४४ साली इटलीत मारले गेले तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. दुसऱ्यात शाळा. तिसऱ्यात नायक सगळ्यांनाच झिडकारतो, कुणीच नको म्हणतो. तिसरा भाग ऐकला की कळतं, भिंत रचायचं काम आता त्यानं स्वतः हाती घेतलंय. फक्त दुसरा भाग ऐकणारा म्हणतो, भिंत मास्तरांनी बांधली. तिन्ही ऐकणाऱ्याला विचारावं लागतं, माझ्या हातात वीट आहे का?

हेच गाणं दुसरीकडे कसं ऐकलं गेलं बघा. ते समूहगान लंडनमधल्या इझलिंग्टन ग्रीन शाळेच्या मुलांनी गायलं. १९८० साली दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी शिक्षणाविरुद्ध बहिष्कार टाकलेल्या विद्यार्थ्यांनी ते उचललं, आणि सरकारनं गाण्यावर बंदी घातली. तिथे ते श्रवण होतं. ऐकणाऱ्यांनी त्यात आपली शाळा ऐकली. आपल्याकडे, सातवी-आठवीपासून फाउंडेशन कोर्सला बसणाऱ्या मुलांच्या शहरात, ते फक्त जल्लोषाचं गाणं राहिलं. पिंक फ्लॉइड आवडणाऱ्या किती पालकांनी मुलाला त्या क्लासला घालताना हे गाणं आठवलं असेल? आम्ही कुणावर आरोप करत नाही. पण प्रेम टिकलं असेल, तर त्यानं कधीतरी असं अडवायला हवं.

आता आपल्या भिंतीबद्दल. फ्लॉइड ऐकणं ही मुंबईत फार दिवस एक ओळख होती. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक भरायचा, काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं. तिथे जाणारा आणि न जाणारा, अशी वाटणी व्हायची. न जाणारा गणपतीत नाचणारा, हिंदी गाणी ऐकणारा, म्हणून जरा खालचा. रंगभवनाचे कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमांत थांबले, ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, पण ती वाटणी काही जणांच्या मनात शिल्लक आहे. आता तिचं रूप बदललंय. 'आजकाल संगीतच उरलं नाही.' हे वाक्य घरात किती वेळा बोललं जातं? प्रत्येक वेळी एक वीट चढते. पलीकडे बहुतेक वेळा आपलीच मुलगी किंवा मुलगा असतो, कानात काहीतरी घालून बसलेला.

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले तीन दिवस वाजला. तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत घरोघर पोरं बसली होती. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली; हातातले दिवे चमकवायला कशाला जायचं, म्हणाले. पण त्याच स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आला होता आणि त्यानं १९८७चा 'द जोशुआ ट्री' पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं वाजवला होता. अख्खा अल्बम ओळीनं ऐकायची भूक फक्त फ्लॉइडवाल्यांची मिरास नाही. आणि हजारो माणसं एका सुरात गातात तेव्हा त्यांचं काय होतं, हा तर 'वॉल'चाच प्रश्न. तो समजून घ्यायचा तर त्या पोरांना जाऊन विचारायला हवं, तिथे तुम्हांला काय वाटलं? नाक मुरडून तो कळणार नाही.

दुसरी भिंत चाहत्यांच्या आतली. वॉटर्स की गिल्मोर? शब्द की गिटार? १९८५ साली वॉटर्स वेगळा झाला, नावावरून कोर्टबाजी झाली, आणि चाहते आजतागायत दोन फळ्यांत उभे आहेत. या भांडणात कोण हरवलं? राइट. 'ग्रेट गिग'खालची ती पियानोची वाट त्याची. 'शाइन ऑन'मधला तो न हलणारा आधार त्याचा. जॅझ ऐकून आलेला माणूस. 'ब्रीद'मधला एक स्वरसमूह माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून आल्याचं त्यानंच सांगितलंय. तंबोऱ्यावर बसलेल्याचं नाव सहसा कुणी लक्षात ठेवत नाही, तसं त्याचं झालं. टॉरीचं आणि राइटचं प्रकरण एकच आहे. चाहत्यांचं प्रेम ज्याचा आवाज मोठा त्याच्यापाशी आधी पोचतं. पन्नास वर्षं ऐकल्यावर तरी ते मागच्या रांगेपर्यंत जायला हवं.

आणि एक गोष्ट. 'आम्हांला त्यांचं राजकारण नको, संगीत द्या' असं म्हणणारे चाहते आता वाढलेत. २०२२ साली गिल्मोर आणि मेसन यांनी युक्रेनसाठी बँडच्या नावानं गाणं काढलं. वॉटर्सची त्या युद्धाबद्दलची मतं अगदी वेगळी. या मतांशी आपण सहमत असावं असं अजिबात नाही. पण 'अ‍ॅनिमल्स' हा सबंध अल्बम समाजाच्या उतरंडीवर आहे, 'वॉल'च्या पायात युद्ध आहे. त्यातून राजकारण काढायचं म्हणजे कीर्तनातून निरूपण काढून फक्त टाळ ऐकण्यासारखं. वाद घाला. रागवा. पण ऐकून रागवा.

मग टिकलेलं प्रेम कसं असावं? आमची अपेक्षा मोठी नाही. जो अल्बम पाठ आहे असं वाटतं, तो वर्षातून एकदा तरी पहिल्या सेकंदापासून, मध्ये न उठता ऐकावा. आणि त्यात आधी न ऐकलेलं काहीतरी शोधावं. सोबत असं कुणीतरी असावं ज्यानं तो कधीच ऐकलेला नाही, आणि त्याला आधीच 'ऐक, हे महान आहे' असं बजावू नये. ऐकल्यावर त्याला कंटाळा आला, तर का आला ते विचारावं. त्या उत्तरात आपल्याला आपलंच संगीत नव्यानं ऐकू येण्याची शक्यता असते. नंतर त्यानं आणलेलं काहीतरी तितक्याच धीरानं, पूर्ण ऐकावं. यातला दुसरा अर्धा भाग केला नाही, तर पहिला नुसता हुकूम ठरतो.

हे केलं नाही तर काय होईल? फ्लॉइडचं काही बिघडणार नाही. २०२४ साली त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीनं प्रचंड किमतीला विकत घेतले. टी-शर्ट खपत राहतील, लोलक दिसत राहील. बिघडेल ते आपलं. चाळीस मिनिटं गप्प बसून, दुसऱ्या माणसाच्या शेजारी, एकच गोष्ट ऐकायची सवय आपल्या घरांतून जाईल. ती या बँडनं एकट्यानं दिलेली नाही. बैठकीनं दिली, कीर्तनानं दिली, भरून घेतलेल्या कॅसेटनं दिली. पण आपल्यातल्या पुष्कळांसाठी ती शेवटची या बँडनं राखली. न आलेल्या त्या बँडचे आपल्यावर उपकार असतील, तर ते हे.

बोलणं इथे थांबवतो. आता संयोजक 'शाइन ऑन'चे नऊही भाग सलग लावणार आहेत, साधारण सव्वीस मिनिटं. मूळ अल्बममध्ये ते दोन टोकांना विभागलेत, आज आपण एकत्र ऐकू. मोबाइल बंद ठेवा. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी कृपया सोबत गुणगुणू नये, शेजारचा पहिल्यांदा ऐकत असेल. आणि गिटार ऐकून झाली की एकदा तिच्या मागे कोण वाजवतंय तिकडे कान द्या. प्रश्नोत्तरं त्यानंतर घेऊ.